पहिल्या बशीचा मान

खासनीस वकिलांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या ट्रेमध्ये, दात काढायच्या चिमट्याशेजारी ठेवलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “डॉक्टर, त्याला काही होणार नाही ना?”

“भूल देऊनच करू,” मी म्हणालो.

वकील हसले नाहीत. मागच्याच महिन्यात मी त्यांची अक्कलदाढ काढली होती, तेव्हाही त्यांचा चेहरा इतका उतरला नव्हता.

मी सांगलीत दातांचा दवाखाना चालवतो. आतल्या खोलीत कवळ्या चकाकवायचं एक यंत्र आहे. मोटरवर कापडाचं चाक फिरतं, त्याला गुलाबी पेस्ट लावायची आणि कवळी धरायची. पाच मिनिटांत कवळी नवरीच्या दातांसारखी दिसते. त्या वर्षी त्या यंत्रावर कवळ्या कमी आणि घड्याळं जास्त चढत होती, याला कारण आमचं कालमापक मंडळ.

मंडळ म्हणजे आम्ही सातआठ जण. सगळ्यांना क्रोनोग्राफ घड्याळांचा नाद. साध्या घड्याळाच्या पोटातच स्टॉपवॉच असतं, बाजूला दोन बटणं असतात, एक दाबलं की मोठा काटा सुटतो आणि पुन्हा दाबलं की थांबतो, त्याला क्रोनोग्राफ म्हणतात. बटणं दाबून यंत्र झिजतं, म्हणून मंडळात कुणीही बटण दाबत नसे. वेळ मोजायच्या घड्याळानं वेळ मोजायची नाही, हा आमचा पहिला नियम होता आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दुसरा नियम असा की आवड खासनीसांची. मी मंडळात गेलो तेव्हा त्यांना आमटीच्या वाटीएवढी घड्याळं आवडत होती. आम्ही सगळ्यांनी वाट्या बांधल्या. शर्टाच्या बाह्या वर जाईनात, तरी बांधल्या. मग एका रविवारी ते म्हणाले, “मोठं घड्याळ म्हणजे मोठ्यानं बोलणं,” आणि आम्ही झाडून सगळे आठाण्याएवढ्या घड्याळांवर आलो. त्यानंतर काळ्या तबकडीचं वर्ष झालं. मग चकाकीचं. “स्टीलमध्ये भांग पाडता आला पाहिजे,” असं वकील म्हणाले आणि माझ्या यंत्राला बरे दिवस आले. मंडळातलं एकूण एक घड्याळ मी स्वतः घासून दिलं, फुकट. मला तेव्हा सगळे ‘कलाकार’ म्हणत. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. दातांच्या डॉक्टरला कोण कलाकार म्हणतं?

वकिलांचं घड्याळ चाकावर धरलेलं असतानाच सुरेखाताई आत आल्या. माझ्या दवाखान्यात वीस वर्षं त्याच सगळं बघत. “तुमचे अण्णा आलेत,” त्या म्हणाल्या.

माझे वडील तासगावला राहायचे. तिथल्या शाळेत पस्तीस वर्षं खेळाचे मास्तर होते. मुलामुलींना पळायला शिकवायचं, एवढंच काम त्यांनी केलं आणि मन लावून केलं. ते बाहेरच्या बाकावर पेशंटच्या रांगेत बसले होते. मला बघून उठले आणि खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

“हे तुला ठेव,” ते म्हणाले. “तू गोळा करतोयस म्हणं.”

त्यांचं जुनं घड्याळ होतं, क्रोनोग्राफच. शाळेनं कधीतरी मैदानावरच्या वापरासाठी घेतलेलं आणि निवृत्तीच्या वेळी त्यांनाच दिलेलं. तबकडी चहा सांडल्यासारखी तपकिरी झालेली. काचेवर चरे. बटणांवरचा मुलामा त्यांच्या अंगठ्यानं पार उडालेला. मी उलटं केलं तर मागच्या झाकणावर चार आडव्या रेघा, कर्कटकानं ओढलेल्या असाव्यात अशा.

“अण्णा, हे किती ओरखडलंय,” मी म्हणालो.

“वापरलंय की.”

“तसं नाही. पण ह्याची कळा गेलीय. आमच्यात असलं चालत नाही.”

मी हे वाईट हेतूनं बोललो नाही. आत वकील बसले होते, आणि ही पुरचुंडी त्यांच्या नजरेस पडू नये, एवढंच माझ्या मनात होतं. अण्णांनी घड्याळ पुन्हा रुमालात गुंडाळलं. “असू दे मग,” म्हणाले. सुरेखाताईंकडे मुलांची चौकशी केली, चहा घेतला आणि दीडच्या गाडीनं परत गेले.

पुढे दीड वर्ष चकाकीत गेलं. मग खासनीस लेकीकडे मुंबईला आठ दिवस राहून आले आणि पहिल्याच रविवारी त्यांनी सगळं उलटं केलं.

आमची बैठक त्यांच्याच दिवाणखान्यात भरायची. मरून मखमलीच्या तबकात सगळ्यांनी आपापलं घड्याळ ठेवायचं. वकील एकेक उचलून डोळ्याला भिंग लावून बघायचे. पसंत पडलं की ते आपल्या पांढऱ्या रुमालावर ठेवायचे. नाही पडलं तर काही बोलायचे नाहीत, तबकातच परत ठेवायचे आणि आत बघून मान हलवायचे. मग वहिनी शिरा घेऊन यायच्या आणि पहिली बशी, ज्याचं घड्याळ नापास झालं त्याला. त्यानं पहिला घास घेईपर्यंत बाकीच्यांनी चमच्याला हात लावायचा नाही. सुतकाच्या घरी आधी घरच्यांना जेवायला बसवतात, तसाच हा प्रकार होता. हळदीचे व्यापारी शीतल मगदूम यांना सोन्याच्या क्रोनोग्राफबद्दल एकदा पहिली बशी मिळाली होती. त्यांनी काजू बाजूला काढत काढत ती कशीबशी संपवली आणि पुढे दोन महिने आले नाहीत.

त्या रविवारी वकिलांनी भिंग लावलंच नाही. नुसती तबकावरून नजर फिरवली आणि म्हणाले, “ही घड्याळं जगलेली दिसत नाहीत.”

कुणालाच काही कळेना.

“चेहऱ्यावरच्या सुरकुत्या इस्त्रीनं काढल्या तर माणूस ओळखू येईल का? घड्याळ मूळ असावं. उन्हातान्हात पिकलेलं. हात न लावलेलं. घासलेलं घड्याळ मेलं.” मग ते म्हणाले, “आता हे कुणी घासलं, त्यात मी जात नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कालपर्यंत कलाकार होतो, आता माझ्या बोटांवर आठ खून होते. त्या दिवशी तबकातली सगळी घड्याळं नापास झाली, त्यामुळे पहिल्या बशीचा प्रश्न निर्माण झाला. वकिलांनी तो एका क्षणात सोडवला. बशी माझ्याकडे आली.

त्यानंतरचे महिने मंडळानं घड्याळं म्हातारी करण्यात घालवले. मगदूमांनी आपलं घड्याळ गच्चीवर पापडांच्या शेजारी उन्हात ठेवलं. तबकडी काही पिकली नाही, पट्टा मात्र आक्रसला आणि घड्याळाला पापडखाराचा वास लागला. एकानं कंपाउंडच्या भिंतीवर घासून घेतलं. मला कुणी विचारत नव्हतं. फोन उचलत नव्हते. अक्कलदाढ दुखली तरी मिरजेला जात होते. हसण्यासारखं आहे, पण मला ते खरंच लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्यातरी टोळीत होतो आणि टोळीनं मला वाळीत टाकलं होतं.

आणि मग दात घासता घासता मला अण्णांचं घड्याळ आठवलं. तपकिरी तबकडी, झिजलेली बटणं, मागच्या चार रेघा. अख्ख्या मंडळात हात न लावलेलं घड्याळ एकच होतं आणि ते माझ्या बापाकडे होतं.

त्याच गुरुवारी मी तासगावला गेलो. अण्णा पडवीत पेपर वाचत होते. घड्याळ शेजारच्या खिळ्याला टांगलेलं. ते अजून त्यानंच अंडी उकडायचे, साडेसात मिनिटं.

“अण्णा, हे मला पाहिजे,” मी म्हणालो. “रविवारी मंडळात दाखवायचंय.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “तुझ्यात असलं चालत नाही म्हणलावतास की.”

“आता चालतं.”

“कसं काय?”

मी काय सांगणार? आवड बदलली, असं म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. ते चहा टाकायला उठले तेवढ्यात मी मोबाइलवर मागच्या झाकणाचा फोटो काढला. चहा घेताना विचारलं, “ह्या रेघा कसल्या?”

“हायेत जुन्या,” ते म्हणाले.

मी घड्याळ खिशात घालायला गेलो तर त्यांनी हात धरला. “आज नको. रविवारी मीच घेऊन येतो. तुझे मित्र कुठे बसतात तेवढं सांग. मलाबी बघू दे की.”

मला वाटलं, म्हाताऱ्याला चार लोकांत मिरवायचंय. मिरवू दे. उलट बरंच, घड्याळाबरोबर मूळ मालकही आला तर वकील विरघळतील. मी पत्ता दिला आणि एसटीतूनच फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘वडिलांचं. मैदानावर पस्तीस वर्षं. कुणीही हात लावलेला नाही.’

दहा मिनिटांत खासनीसांचा फोन. पाच महिन्यांनी पहिलाच.

“डॉक्टर, त्या रेघा खऱ्या आहेत?”

“खऱ्या आहेत.”

“कसल्या?”

“ते रविवारी वडीलच सांगतील.”

वकील म्हणाले, “या. आणि घड्याळ घेऊनच या. नाहीतर मग आपण असेच कधीतरी रस्त्यात भेटत जाऊ.” मंडळातून काढून टाकण्याची त्यांची ही सभ्य पद्धत होती.

शनिवारी मी दिवसभर कवठेमहांकाळला दंततपासणी शिबिरात होतो. रात्री झोप लागली नाही, असं सांगणार होतो, पण छान लागली. पुन्हा कलाकार व्हायचं स्वप्न पडलं.

रविवारी अण्णा वेळेच्या आधी पाच मिनिटं आले. पांढरा शर्ट, कडक इस्त्री, पायात मैदानावरचे कॅनव्हासचे बूट खडूनं पांढरे केलेले. हातात चष्म्याचं घर. सगळ्यांनी उठून नमस्कार केला. वकिलांनी त्यांना आपल्या शेजारची खुर्ची दिली. ती खुर्ची मगदूमांनाही कधी मिळाली नव्हती.

“तुम्ही समद्यांनी घड्याळं आणलीयत व्हय,” अण्णा तबकाकडे बघत म्हणाले. “कुणाचं टायमिंग लावता?”

सगळे तबकातल्या आपापल्या घड्याळाकडे बघायला लागले.

“न्हाई, म्हंजे, बटणं हायेत म्हणून विचारलं.”

“आम्ही ती दाबत नाही,” मगदूम हळूच म्हणाले.

अण्णांनी समजूतदारपणे मान डोलावली. बिघडली असतील, असं त्यांना वाटलं असावं.

“लोंढे सर,” वकील हात जोडून म्हणाले, “आम्ही सगळे उत्सुक आहोत.”

अण्णांनी चष्म्याचं घर उघडलं. आत कापूस होता. कापूस बाजूला केला आणि घड्याळ मखमलीवर ठेवलं.

खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं आणि छतावर एक पांढरा ठिपका उमटला.

मी ती चकाकी ओळखली. सांगली जिल्ह्यात तशी चकाकी एकाच यंत्रातून निघते. कडा गुळगुळीत झालेल्या, नवी काच, आणि वरच्या बटणाच्या खाचेत गुलाबी पेस्टचा एक बारीक ठिपका राहिलेला. अण्णा शनिवारी माझ्या दवाखान्यात जाऊन आले होते.

वकिलांनी घड्याळ उचललं. भिंग लावलं, काढलं. उलटं केलं. मागचं झाकण आरशासारखं झालं होतं. त्यात खासनीसांना स्वतःचा चेहरा दिसला असणार, कारण तो बघून त्यांना काही आनंद झाला नाही. रेघा नव्हत्या.

“हे,” वकील म्हणाले, “हे कुणी केलं?”

त्यांचा आवाज आम्हाला ओळखीचा होता. कोर्टात ते याच आवाजात उलटतपासणी घेत. अण्णांना तो माहीत नव्हता. त्यांना ते कौतुक वाटलं. ते खुलले, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सांगायला तोंड उघडलं.

पुढे काय होणार ते मला दिसत होतं. ते म्हणणार, मीच करून घेतलं. मग वकील त्यांना समजावून सांगणार की लोंढे सर, तुम्ही काय घालवलंत. प्रत्येक शब्द सुटा करून सांगणार. आणि माझा बाप इस्त्रीचा शर्ट घालून, पांढरे केलेले बूट जुळवून ते ऐकत बसणार.

“मी केलं,” मी म्हणालो.

अण्णांचं तोंड उघडंच राहिलं.

“फोटो पाठवल्यानंतर?” मगदूम म्हणाले. “डॉक्टर, तो फोटो पाठवल्यानंतर?”

“हो. राहवलं नाही.”

खोटं तरी कसं म्हणू? यंत्र माझं, पेस्ट माझी, आणि दोन वर्षांपूर्वी नाक मुरडणारा मीच.

अण्णा माझ्याकडे टक लावून बघत होते. मला वाटलं, आता खरं काय ते सांगणार. मास्तर माणूस, पोरानं खोटं बोललेलं त्यांना कधीच खपलं नाही. पण ते वकिलांकडे वळून म्हणाले, “व्हय. यानंच केलं. हात हाय पोराला.”

वकिलांनी घड्याळ तबकात परत ठेवलं आणि आत बघून मान हलवली.

वहिनी शिरा घेऊन आल्या. पहिली बशी माझ्यापुढे आली. नेहमीपेक्षा काजू जास्त होते, म्हणजे हा शेवटचाच निरोप होता. सगळे हात मांडीवर ठेवून माझ्या पहिल्या घासाची वाट बघत होते. अण्णांनी खोलीभर नजर फिरवली. एवढी मोठमोठी माणसं आपल्या मुलानं खायला सुरुवात करायची म्हणून थांबलीयत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मला कोपरानं ढोसलं.

“खा की,” ते कुजबुजले. “समदे थांबलेत.”

मी खाल्लं. इतका गोड शिरा गिळायला इतका वेळ मला कधी लागला नाही.

मंडळात मी पुन्हा गेलो नाही, कुणी बोलावलंही नाही. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. मंडळाची हकीगत विचाराल तर जगलेल्या घड्याळांनंतर निळ्या तबकडीचं वर्ष झालं, मग सोन्याचं. मगदूमांचं ते सोन्याचं घड्याळ अखेर रुमालावर गेलं म्हणतात. गेल्या दिवाळीत खुद्द खासनीस दवाखान्यात आले. वरची उरलेली अक्कलदाढ दाखवली आणि उठता उठता आवाज खाली आणून विचारलं, “डॉक्टर, ते तुमचं यंत्र अजून चालू आहे का? पुन्हा जरा चकाकी यायला लागलीय.” मी म्हणालो, त्यावर आता फक्त कवळ्या होतात. तुमची कवळी होईल तेव्हा या.

पण मला सांगायचं आहे ते त्या रविवारचं. बैठकीनंतर मी अण्णांना स्कूटरवरून एसटी स्टँडवर सोडायला गेलो. तासगावची गाडी लागलेलीच होती. चढण्याआधी त्यांनी चष्म्याचं घर माझ्या हातात दिलं.

“खोटं बोललास,” ते म्हणाले.

“हो.”

“मला आवडलं न्हाई. काल सुरेखाबाईंच्या शेजारी दोन तास उभा राहून करून घेतलं मी, आणि तू सरळ म्हणतोस मी केलं.” मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पण असू दे. तुझ्या लोकांत तुझा मान हाय. पयली बशी तुला दिली त्यांनी, मी बघितलं की. म्हणून गप बसलो. मी कुणाला सांगणार न्हाई.”

मला मान खाली घालावी लागली. ते आत जाऊन खिडकीपाशी बसले. मी खिडकीखाली उभा राहिलो.

“अण्णा, त्या रेघा कसल्या होत्या?”

“पोरांच्या.” ते बोटं मोजायला लागले. “कुसुम आठवले, आठशे मीटर, दोन मिनिटं एकवीस. बाळू जमदाडे, चारशे, एकावन्न पूर्णांक आठ. रज्जाक मुलाणी, पंधराशे, चार मिनिटं आठ. आणि ती सुशीला, पारध्याची, शंभर मीटर. ती अनवाणी पळालेली. जिल्ह्याचा विक्रम मोडला की एक रेघ ओढायचो. पस्तीस वर्षांत चारच.”

कंडक्टर तिकिटं फाडत पुढे सरकत होता. ड्रायव्हर आपल्या जागेवर बसला.

“मग घालवल्यात कशाला?”

“सुरेखाबाई बी तेच विचारत होत्या. रेघा ठेवू का म्हणून. म्हटलं नको, काढा. डॉक्टरला ओरखडे चालत न्हाईत.”

गाडी सुरू झाली. खिडकीच्या गजांना धरून मी चार पावलं बरोबर चाललो.

“अण्णा, ते मला चालले असते.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मैदानावर, शर्यत संपल्यावर धापा टाकत कारणं सांगायला आलेल्या पोराकडे बघावं तसं बघितलं.

“मग आधी सांगायचंस की,” ते म्हणाले आणि काच ओढून घेतली.